सुटा अंक मिळणार नाही

१४ नोव्हेंबर १९८६

आज तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणून ही वही काढली. माझी बायको विमला म्हणाली, "घरात आदळआपट करण्यापेक्षा लिहून काढा, माझी भांडी तरी वाचतील." सतरा वर्षं मी गंगाखेडच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे, दुसऱ्यांचं लिहिलेलं सांभाळतोय. आता जरा माझंही होऊ द्या.

तर झालं असं. आमच्या ग्रंथालयात संशोधनाचं इंग्रजी त्रैमासिक एकच येतं, ते माशांच्या पोटातल्या जंतांवरचं. गावात लोक हसतात. हसू द्या. ते एका माणसासाठी येतं, प्राणिशास्त्राच्या हेमा मॅडमसाठी. पाथरीकडच्या खेड्यातल्या चंद्रभान नावाच्या शेतकऱ्याची ही पोर. याच कॉलेजात शिकली आणि इथंच शिकवायला लागली. मला अजून 'काका' म्हणते. भोई लोकांकडून गोदावरीतले मासे आणते, चिरते आणि त्यांच्या आतड्यातले जंत भिंगाखाली बघत बसते. दोन वर्षांपूर्वी वाम माशात तिला एक जंत सापडला. असा जंत जगात कुणीच लिहिलेला नाही असं तिचं म्हणणं. पण या धंद्यात कायदा कडक आहे. जो आधी छापील त्याचा जंत. म्हणून त्या त्रैमासिकाचा प्रत्येक अंक तिला डोळ्यांखालून घालावा लागतो. दुसऱ्यानं आधी छापला असेल तर तिची पीएच.डी. पाण्यात, आणि मुदत जून अठ्ठ्याऐंशीपर्यंतच.

आजवर ते त्रैमासिक शास्त्रज्ञांचं एक मंडळ थेट पाठवायचं. आज मुंबईच्या 'विद्याविस्तार वितरण' कंपनीचं पत्र आलं. मंडळाचं त्रैमासिक आणि दुसरी नऊ अशी दहा नियतकालिकं विकायचा हक्क यांनी एकट्यांनी घेतलाय. जानेवारीपासून दहाचा संच घ्यायचा, "सुटा अंक मिळणार नाही." बाकीची नऊ कसली? चामडं कमावणं, जहाजबांधणी, कोळशाच्या खाणी आणि बर्फाच्या नद्या. गंगाखेडात बर्फाच्या नद्या! इथं बर्फ दिसतो तो बसस्टँडवरच्या उसाच्या रसात. संच घेतला तर आमची वर्तमानपत्रंसुद्धा बंद करावी लागतील.

हेमानं पत्र वाचलं, नीट घडी घालून मला परत दिलं आणि "बघू काका" म्हणाली. तिचा आवाज मला ठीक वाटला नाही.

१७ नोव्हेंबर

कंपनीला पत्र लिहिलं. चार पानं. असं इंग्रजी या तालुक्यात दुसरा कुणी लिहू शकत नाही, हे मी गर्वानं म्हणत नाही, ते खरंच आहे. त्यात ज्ञान, लोकशाही, व्यापाऱ्यांची हाव, सगळं आलं होतं.

प्राचार्य सूर्यभान सरांनी लाल पेन्सिल घेतली आणि चारही पानांवर काट मारली. खाली दोन ओळी लिहिल्या: आम्हाला फक्त माशांचे त्रैमासिक हवे. देता की नाही, ते लेखी कळवावे.

"सर, माझी चार पानं!"

"अप्पाराव, चार पानांना ते उत्तर देणार नाहीत. दोन ओळींना द्यावं लागेल."

घाबरट माणूस. भांडण अंगावर येईल म्हणून शब्द गिळतो. असा माणूस प्राचार्य झाला आणि मी इथं धूळ झटकतोय.

९ डिसेंबर

उत्तर आलं. एकच वाक्य: सुटा अंक देता येत नाही, संच घ्यावा लागेल. मी म्हणालो, बघा, मिळालं का काही? तर सर चक्क हसले. ते पत्र नव्या फाइलीत लावलं, फाइलीवर 'एक' असा आकडा टाकला. नकाराचं पत्र बघून हसणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

हेमा सुट्टीच्या दिवशी लांबच्या दोन मोठ्या ग्रंथालयांत जाऊन आली. त्यांनाही संच परवडत नाही, त्यांनीही त्रैमासिक बंद केलंय.

१९ जानेवारी १९८७

कहर झाला. न मागता संच आला. आमचा शिपाई मुंजाजी पोस्टातून डोक्यावर गठ्ठा घेऊन आला. दहा अंक एकावर एक, उभी-आडवी सुतळी. सोबत चिठ्ठी: "पसंतीसाठी. उघडल्यास संच स्वीकारला असे समजू."

मी कात्री घेतलीच होती. सर दारातून ओरडले, "अप्पाराव, हात लावू नका! मोंढ्यात पोत्याचं तोंड सोडलं की सौदा झाला. हे काय वेगळं आहे?" त्यांनी कंपनीला पत्र टाकलं की माल आम्ही मागवलेला नाही, तुमची अमानत म्हणून जपून ठेवलाय, येऊन घेऊन जा. आणि मला हुकूम: गठ्ठा माझ्या टेबलासमोर, सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा, सुतळी सोडायची नाही.

माशांचा अंक वरून तिसरा आहे. हेमा तास संपला की येते, वाकून त्याच्या पाठीवरची अक्षरं वाचते आणि जाते. अंक हाताच्या अंतरावर, आणि वाचायचा नाही! सरांना लेकरंबाळं आहेत, पण काळीज नाही.

२४ फेब्रुवारी

विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा होता, एसटी बंद. तरी कंपनीचा प्रतिनिधी जीपनं आलाच. बन्सीधर नाव. पांढरी सफारी, अत्तर, बोलणं लोण्यासारखं. "संच घ्या, लोखंडी कपाट आमच्याकडून भेट," म्हणाला. आवळा देऊन कोहळा काढायची जात. मी म्हणालो, कपाटात काय ठेवू, बर्फ?

सरांनी मला गप्प केलं. वर त्या माणसाला पोहे मागवले, चहा मागवला, गोड गोड प्रश्न विचारले. मंडळाकडून थेट घेतलं तर? दुसऱ्या विक्रेत्याकडून घेतलं तर? तो पोहे खात खात हसत होता. "सर, ते रस्ते आम्ही कधीच बंद केले." माझं रक्त उकळत होतं आणि आमचे प्राचार्य "वा, वा" म्हणत मान डोलावत होते.

निघताना सरांनी शेरेबही पुढं केली. आमच्या कॉलेजात आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं तिच्यात दोन ओळी लिहायच्या, अशी रीत आहे. "नुसतं 'ग्रंथालय छान' नका लिहू," सर म्हणाले. "तुमच्या कामाबद्दल लिहा. आमच्या पोरांना कळू द्या, धंदा कसा वाढवतात." बन्सीधर फुलला. अक्षर मोत्यासारखं त्याचं, ते कबूल करतो. त्यानं लिहिलं: "या भागातील महाविद्यालयांना आम्ही संचच देतो. मंडळ अथवा अन्य विक्रेत्यांकडून सुटा अंक कोठेही मिळणार नाही, अशी चोख व्यवस्था आमच्या कंपनीने केली आहे." खाली सही, हुद्दा, तारीख.

चोराला पाट देऊन वर त्याच्याकडून निबंध लिहून घेतला! मी घरी येऊन जेवलो नाही. विमला म्हणाली, "पोहे त्यांनी खाल्ले, उपास तुमाला का?"

६ मार्च

आज मला एक जबरदस्त कल्पना सुचली.

दुपारी मुंजाजी गठ्ठ्यावरची धूळ झटकत होता. थोडी कोरडवाहू आहे त्याची, पेरणीच्या वेळी रजेवर असतो. म्हणाला, "सायेब, ह्ये तर लिंकिंग हाय."

"काय आहे?"

"लिंकिंग. आमी युरिया मागाय गेलो की दुकानदार म्हनायचा, त्याच्यासंगं ही पावडर घे, ती बाटली घे, न्हाईतर युरिया न्हाई. ती पावडर काय कामाची, त्यालाबी ठाव न्हाई. त्येलाच लिंकिंग म्हनतेत. आमच्या गावानं सह्या करून वर अर्ज धाडला. साहेब आले, दुकान तपासलं. तवापासून गपगुमान सुटा युरिया देयलाय." मग म्हणाला, "परवाच मोठे सर मला ह्येच इचारायलते. अर्ज कुणाला केला, संगं काय कागद लावले, समदं इचारलं. मनले, अप्पारावांनाबी सांग."

बघा. सरांना कामं नाहीत, शिपायाशी खताच्या गप्पा मारत बसतात. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खताची तक्रार करता येते तर ज्ञानाची का नाही? असल्या अडवणुकीविरुद्ध दाद मागायची सरकारी जागा कुठंतरी असणारच. ही कल्पना संपूर्ण माझी, आजची तारीख घालून ठेवतो.

९ मार्च

सरांना कल्पना सांगितली. "अरे वा, कुणी सुचवलं?" म्हणाले. मी म्हणालो, माझं मलाच सुचलं. "छान," म्हणाले, आणि खिशातून एक चिठ्ठी काढून दिली. तिच्यावर दिल्लीच्या मक्तेदारी आयोगाचा पत्ता. कधीचा लिहिलेला असेल, घड्या पडून चिठ्ठी फाटायला आली होती. कसा योगायोग असतो एकेक!

१४ मार्च

तक्रारीचा मसुदा नऊ पानांचा झाला. यावेळी मी स्वतःला आवरलं होतं, लोकशाही एकदाच आणली. सरांनी त्याचं एक पान केलं. काय मागितलं, काय नाकारलं, काय लादलं, बस. सोबत कंपनीचं पत्र, चिठ्ठी आणि शेरेबहीच्या पानाची साक्षांकित नक्कल. शेरेबही का, असं विचारलं तर म्हणाले, "असू द्या. अक्षर चांगलं आहे."

पण खरं पुढंच आहे. खाली मी माझं नाव टाकलं होतं. तक्रारदार: अप्पाराव, ग्रंथपाल. सरांनी ते खोडलं आणि स्वतःची सही ठोकली!

मी काहीच बोललो नाही. घरी येऊन बोललो. विमलाला म्हणालो, कल्पना माझी, मेहनत माझी, आणि नाव कुणाचं? ती गवार मोडत होती. म्हणाली, "तुमची नोकरी किती वर्सं राहिली?" मी म्हणालो, अकरा. त्याचा इथं काय संबंध? ती गवार मोडत राहिली. बायकांचं लक्ष कुठं असतं काही कळत नाही.

११ एप्रिल

वकिलाची नोटीस आली. कंपनीची बदनामी केली, तक्रार मागं घ्या, नाहीतर कोर्टात खेचू. संस्थेच्या अध्यक्षांनाही नक्कल गेलीय. अध्यक्षांनी सरांना बोलावून तासभर झापलं म्हणे.

नोटीस सरांच्या एकट्यांच्या नावावर आहे. माझं नशीब थोर, मागच्या महिन्यात त्यांनी आगाऊपणा करून माझं नाव खोडलं होतं. नाहीतर आज मी काय केलं असतं? अकरा वर्षं नोकरी राहिलीय, लेकीचं, सुषमाचं, लग्न व्हायचंय. वाघासारखा लिहितो मी, पण आतून शेळी आहे, हे या वहीपुरतं कबूल.

सर आल्यावर विचारलं, मागं घ्यायची का? म्हणाले, "नोटीस आली म्हणजे पत्र लागलं. फाइलीला लावा."

हेमाला नोटीस दाखवली नाही. तिला ती कुठून तरी कळलीच. आज ती गठ्ठा बघायला आली नाही.

८ मे

त्रेचाळीस अंश. पंखा गरम हवा फेकतोय. कॉलेजला सुट्ट्या, ग्रंथालयात मी आणि मुंजाजी. तोही जेवायला गेलेला.

माझ्या हातून पाप घडलं. गठ्ठ्यात सगळ्यात वर तो बर्फाच्या नद्यांचा अंक आहे. चार महिने त्याच्याकडं बघतोय. सुतळी उन्हानं ढिली पडली होती. मी सुतळी सोडली नाही, देवाशपथ, नुसता अंक बाजूनं ओढला आणि आला बाहेर. आत फोटो होते. नुसता बर्फ, कोसच्या कोस. निळा, पांढरा, मधून पाणी झिरपतंय. पाऊण तास बघितला. एक अक्षर वाचलं नाही, पण जिवाला इतकं गार वाटलं की सांगता सोय नाही. मग होता तसा आत सरकवला.

'उघडल्यास स्वीकारला.' मी सौदा केला की काय?

९ मे

तरीपण रात्रभरात एक गोष्ट लक्षात आली. बर्फाचा निघतो तर माशांचाही निघेल! हेमाला निरोप देऊन बोलावलं. म्हणालो, पोरी, दार लावतो, गाठ न सोडता काढून देतो, बघून घे एकदाचं.

ती गठ्ठ्याजवळ गेली. बोट त्या अंकाच्या पाठीवर ठेवलं. मला वाटलं, घेतेय. मग हात मागं घेतला आणि रडायला लागली.

"नको काका. चोरून वाचलं तर प्रबंधात संदर्भ कसा देऊ? आणि दिला तर कंपनी म्हणेल, उघडला होता. सरांनी सगळं पणाला लावलंय."

सरांनी कसलं काय लावलंय, नुसती फाइल तर लावलीय, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण पोर रडत होती. मग मीही थोडा रडलो.

२२ जुलै

आज आयोगाच्या तपास खात्याचे अधिकारी आले! परळीच्या गाडीनं, हातात बॅग, छत्री. कमी बोलणारे, चष्म्याआडून बघणारे. त्यांनी आधी फाइल मागितली. सरांनी पुढं केली. एक, दोन, तीन असे आकडे घातलेले कागद, ज्यावर मी आठ महिने दात-ओठ खाल्ले. अधिकारी पान उलटतील तसे सावरून बसू लागले. शेरेबही दोनदा वाचली.

"हे त्यांनी स्वतः लिहिलं? कुणी सांगितलं म्हणून?"

"आमच्याकडं रीत आहे," सर म्हणाले. "पाहुण्यानं दोन ओळी लिहायच्या."

अधिकारी बराच वेळ सरांकडं बघत राहिले. मला त्यात एवढं बघण्यासारखं काय वाटलं नाही.

मग गठ्ठ्याकडं वळले. "यातला एकही अंक उघडलेला नाही?"

सर म्हणाले, "नाही."

खोटं बोललो तर सगळं निभतंय. पण सतरा वर्षं मी पोरांना सांगतोय, पुस्तकाचं पान फाडलं तर येऊन सांगा, दंड करणार नाही. तोंडातून निघून गेलं, "साहेब, एक उघडला. मी."

सरांचा चेहरा उतरला. मुंजाजीनं कपाळाला हात लावला.

"कोणता?"

"बर्फाच्या नद्यांचा."

"कुणी वाचकानं मागितला होता?"

"नाही साहेब. ऊन फार होतं."

अधिकाऱ्यांचे खांदे हलायला लागले, मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले. पहिल्यांदाच हसले ते. म्हणाले, "मी पंधरा ठिकाणी गेलो. सगळे सांगतात, आम्ही काहीच केलं नाही. खरं सांगणारे तुम्ही पहिले. आता तुम्ही बाकीचं जे सांगाल तेही मी खरं धरून लिहितो." आणि लिहिलं: सहा महिन्यांत उरलेल्या नऊपैकी एकाही नियतकालिकाला एकाही वाचकाची मागणी नाही. ग्रंथपालाने एकदा चित्रे पाहिली, तीही उष्म्यामुळे.

माझी साक्ष म्हणजे खटल्याचा कणाच झाला म्हणायचा! सर त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. परत आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनाही आता माझी किंमत कळायला लागली असावी.

१२ ऑक्टोबर

जिंकलो!

जिंकलो, जिंकलो, जिंकलो. एवढं लिहून पेन खाली ठेवला होता, विमला म्हणाली, नीट लिहा, पुढं कुणी वाचलं तर कळाय नको का. तर लिहितो. आयोगाचा कागद आला. कंपनीनं हमी लिहून दिलीय: प्रत्येक नियतकालिक सुटं मिळेल, संचाची सक्ती नाही, मंडळ आणि दुसरे विक्रेते यांच्यावर घातलेली बंधनं रद्द. ही हमी फक्त गंगाखेडला नाही. देशातल्या सगळ्या ग्रंथालयांना. कुठं त्या मोठमोठ्या शहरांतली मोठमोठी ग्रंथालयं, ती गप्प बसली. आणि गोदाकाठच्या आमच्या तीन खोल्यांनी कंपनीला सुटं विकायला लावलं!

वकिलाची नोटीसही मागं घेतली. अध्यक्षांनी सरांना हार घातला. सरांनी तो काढून मुंजाजीच्या गळ्यात घातला. म्हणाले, "लिंकिंग शब्द याचा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. थोडं लागलं मनाला, कारण कल्पना माझी होती, तारीख आहे माझ्याकडं. पण मुंजाजी हार घालून असा अवघडून उभा होता आणि असा हसत होता, की माझ्यानं राहवलं नाही. मी त्याला कडकडून मिठी मारली. शेवंतीची फुलं दोघांच्या सदऱ्यांना चिकटली.

पेढे मी वाटले. पाथरी आणि मानवतच्या ओळखीच्या ग्रंथपालांना पत्रं टाकली. चार चार पानांची. आता कोण काटतो बघू.

३ नोव्हेंबर

बन्सीधर गठ्ठा न्यायला आला. सफारी तीच, अत्तर नव्हतं. सरांनी यावेळीही पोहे मागवले. त्यानं हात जोडून सांगितलं, "पोहे खातो सर, पण काही लिहिणार नाही." मी इतका हसलो की ठसका लागला. गडी वाईट नाही, जाताना मला म्हणाला, "तो बर्फाचा अंक ठेवून घ्या तुम्ही, माझ्याकडून." मी घेतला नाही. घ्यावासा लई वाटला.

आणि मंडळाकडून थेट टपालानं माशांचे अंक आले. सुटे! या वर्षाचे तीन. मुंजाजी पळतच हेमाला बोलवायला गेला. ती तास अर्धा टाकून आली, हाताला खडू तसाच. मी कात्री तिच्या हातात दिली.

पहिला अंक चाळला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्यात एका पानावर ती थांबली. मी चष्म्यातून बघितलं तर मथळ्यात वाम माशाचं नाव! वर्षभर लढलो ते यासाठी? तिचा जंत दुसऱ्यानं नेला हे बघण्यासाठी? ती ओळीवर बोट ठेवून वाचत होती, ओठ हलत होते. मुंजाजीनं हात जोडले होते. सर कधी दारात येऊन उभे राहिले, कळलंही नाही.

मग तिनं शेवटची आकृती बघितली आणि मान वर केली. "याला डोक्यावर गळासारखे आकडे आहेत. माझ्याला नाहीत," म्हणाली. "हा वेगळा आहे काका. माझा कुणीच छापलेला नाही. माझाच आहे!" आणि ग्रंथालयात, जिथं मी अठरा वर्षं कुणाला मोठ्यानं शिंकू दिलं नाही, तिथं आम्ही सगळे ओरडलो. पोरं वर्गातून डोकावायला लागली. सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो.

२० जून १९८८

हेमानं प्रबंध मुदतीच्या दहा दिवस आधी दिला. चंद्रभान गावाकडून शेंगांचं पोतं घेऊन आले होते. माझ्या पाया पडायला लागले. मी म्हणालो, अहो, असं काय, पोर माझीबी हाय की.

१७ सप्टेंबर

आज मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं आणि हेमा ग्रंथालयात आली. त्रैमासिकाचा नवा अंक आलाय, त्यात तिचा लेख छापून आलाय. तिनं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. मी नाव वाचलं, मग पुन्हा वाचलं.

नवा प्राणी सापडला की त्याला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा असतो म्हणे. जगातल्या शास्त्राच्या पुस्तकांत कायमचं तेच राहतं. तिनं तिच्या जंताचं नाव ठेवलंय 'अप्पारावी'. माझं! माशाच्या आतड्यातल्या, डोकं नीट नसलेल्या, पट्टीसारख्या चपट्या जंताला माझं नाव!

"अगं, दुसरं काही मिळालं नाही?" मी म्हणालो. "लोक काय म्हणतील? अप्पारावांना जंत झाला?"

ती हसत होती. म्हणाली, "काका, हा सगळ्यात मोठा मान असतो."

या मराठवाड्यात एका नावासाठी माणसं दहा वर्षं रस्त्यावर आहेत, कित्येकांनी जीव गमावलेत. आणि मला बसल्या जागी, न मागता मिळालं. डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू. मी म्हणालो, पोरी, तरी सरांचं द्यायचं. प्राचार्य आहेत, बरं दिसलं असतं.

"सरांनाच आधी विचारलं होतं मी," ती म्हणाली. "ते म्हणाले, माझं नको. अप्पारावांचं द्या, त्यांना आनंद होईल."

बघा! साध्या जंताचीही जबाबदारी नको या माणसाला.

विमलाला दाखवलं तर ती पोट धरधरून हसली, मग तिनं ते पान पदरानं पुसलं आणि अंक देवाजवळ ठेवला. सोमवारी हा अंक कॉलेजात प्रत्येकाला दाखवणार आहे. सगळ्यात आधी सूर्यभान सरांना. त्यांना जरा वाईट वाटलं तर वाटू दे.